डोंगलची कॉपी पेनड्राईव्हवर होते का?

आपल्याकडं लातूर, नांदेड, जालन्यातल्या घरगुती स्टुडिओवाल्यांच्या ग्रुपात आयलॉक डोंगलबद्दल (म्हंजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन ज्यात राहतं ती छोटी यूएसबी) एक मेसेज लई वर्षांपासून फिरायलाय, "आयलॉक डोंगल पेनड्राईव्हवर कॉपी करून ठेवा, डोंगल हरवला तरी लायसन सेफ." भावांनो, तसं होत नाही.

डोंगल दिसतो पेनड्राईव्हसारखाच, त्यामुळं असं वाटणं साहजिक आहे. पण तो कॉम्प्युटरला लावून बघा, पेनड्राईव्ह लावल्यावर नवा ड्राईव्ह येतो तसा काही येतच नाही, मग कॉपी करायची तरी काय? लायसन आतल्या चिपमध्ये बंद असतं.

लायसनची खरी नोंद असते तुमच्या आयलॉक अकाउंटला. कॉम्प्युटरवरचं आयलॉक लायसन मॅनेजर हे सॉफ्टवेअर उघडून लॉगिन करा, कोणतं लायसन डोंगलवर, कोणतं मशीनवर, कोणतं क्लाऊडवर ते तिथंच दिसतं. आणि हे जरूर बघा की अकाउंट कोणाच्या ईमेलवर आहे, कारण बऱ्याचदा सेटअप करून देणारा पोरगा स्वतःचाच ईमेल टाकून जातो आन मग डोंगल हरवला की देवीच्या गाण्यांच्या ऐन सीझनात त्याला शोधत फिरायचं. मशीनवरचं लायसन असेल तर फॉरमॅट मारायच्या आधी डीॲक्टिव्हेट करा.

झीरो डाऊनटाइम नावाचं पैसे भरून घ्यायचं कव्हर पण आहे, ते आधीच घेतलेलं असलं तर डोंगल बिघडल्यावर तात्पुरती लायसन मिळतात, काम थांबत नाही. चोरी आन हरवणं त्यात धरलंय का ते घेतानाच वाचा.