सायलोसायबिन

सायलोसायबिन : सायलोसायबी आणि आणखी काही प्रजातींच्या भूछत्रांत आढळणारे, संवेदना व विचार तात्पुरते पालटवणारे द्रव्य. यातील बऱ्याच भूछत्रांचा देठ दाबला की निळा पडतो. पोटात गेल्यावर द्रव्यातील फॉस्फेटचा भाग सुटून सायलोसिन बनते आणि ते मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर (ते जिथे चिकटते त्या जागांवर), मुख्यतः ५-एचटी२ए या प्रकारच्या ग्राहींवर, काम करते. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर त्याचा उपयोग होतो का, हे सध्या तपासले जात आहे.

हे ज्ञान मूळचे मेक्सिकोतील मासातेक लोकांचे. वाहाका राज्यातील वाउतला दे हिमेनेस गावात मारिया साबिना ही उपचारक आजाराचे कारण शोधण्यासाठी रात्री विधी करी. भूछत्रे जोडी-जोडीने खायची, दिवे मालवायचे आणि मग अंधारात तिचे गाणे चाले. १९५५ मध्ये अमेरिकी बँकर गॉर्डन वॉसन या विधीला बसला. मुलाची खुशाली कळावी, असे कारण त्याने पुढे केले होते. १९५७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याचा लेख आला. मारियाचे नाव त्यात बदललेले होते, तरी पाहुण्यांची रीघ लागली. पोलिसांचा ससेमिरा मागे लागला, गावाचा रोष ओढवला, तिचे घर जाळले गेले. या औषधाच्या इतिहासात तिच्या वाट्याला आलेली ही किंमत आवर्जून नोंदवायला हवी.

त्याच भूछत्रांवर स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सँडोझ या औषध कंपनीत रसायनज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी काम केले. प्राण्यांवरील चाचण्यांतून काही स्पष्ट होईना, तेव्हा त्यांनी स्वतः ३२ वाळलेली भूछत्रे खाल्ली. १९५८ मध्ये सायलोसायबिन व सायलोसिन वेगळे काढले गेले. पुढे ते प्रयोगशाळेतही बनवता आले. मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांवर निर्बंध घालणाऱ्या १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानंतर संशोधन जवळजवळ थांबले. आजच्या बहुतेक चाचण्यांत भूछत्र नव्हे, कृत्रिमरीत्या बनवलेले द्रव्य वापरतात, कारण भूछत्रागणिक त्याचे प्रमाण बदलते.

चाचणीत नुसती गोळी देऊन रुग्णाला घरी पाठवत नाहीत. आधी बोलणी होतात. औषधाच्या दिवशी रुग्ण डोळ्यांवर पट्टी बांधून, संगीत ऐकत सहा-आठ तास पडून असतो आणि प्रशिक्षित माणसे शेजारी बसतात. नंतर जे अनुभवले त्यावर पुन्हा बोलणे होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३३ रुग्णांच्या चाचणीत, तीन आठवड्यांनी, २५ मिग्रॅ. घेतलेल्यांचे नैराश्य १ मिग्रॅ. घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले होते. बारा आठवडे उतार टिकला तो मात्र साधारण पाचांत एकाचा. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. खरी अडचण अशी की आपल्याला मोठी मात्रा मिळाली हे रुग्णाला तासाभरात कळतेच, त्यामुळे गुण द्रव्याचा किती आणि अपेक्षेचा किती, हे वेगळे काढणे फार कठीण जाते. २०२१ च्या लंडनमधील ५९ रुग्णांच्या चाचणीत मुख्य मोजमापावर एस्सिटालोप्राम या नैराश्यावरील नेहमीच्या गोळीपेक्षा सायलोसायबिन सरस ठरले नाही.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञ ते देऊ शकतात. भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याने (१९८५) त्यावर बंदी आहे. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना तीव्र मनोविकृती झालेली असल्यास चाचणीत घेत नाहीत. रानातून भूछत्रे आणून खाणे तर जिवावर बेतू शकते : गॅलेरिना मार्जिनाटा हे यकृत निकामी करणारे भूछत्र काही सायलोसायबींसारखेच दिसते आणि त्यांच्या शेजारीही उगवते.