सर्वांत काळा लेप पाणी कमी तापवतो

कार्बनच्या नॅनोनलिकांचं (केसाहून कितीतरी बारीक नळ्यांचं) दाट रान उगवलेल्या पत्र्यावर नजर ठरत नाही. सुरकुत्या, खळगे काहीच दिसत नाही. २०१४ मध्ये जाहीर झालेला व्हँटाब्लॅक हा असाच लेप ९९.९६५ टक्के प्रकाश गिळतो. सौर पाणीतापकाला मात्र असा लेप फुकट मिळाला तरी देऊ नये.

जो पृष्ठभाग ज्या तरंगलांबीचं प्रारण (प्रकाश किंवा उष्णतेच्या लहरी) चांगलं शोषतो, तो त्याच तरंगलांबीचं प्रारण तितकंच चांगलं बाहेर टाकतो, असं किरखॉफचा नियम सांगतो. ‘त्याच तरंगलांबीचं’ या शब्दांतच सगळी पळवाट आहे. सूर्याची बहुतेक ऊर्जा ०.३ ते २.५ मायक्रोमीटरमध्ये येते. १०० अंश सेल्सिअसला तापलेल्या पत्र्याचं प्रारण ८ मायक्रोमीटरच्या आसपास शिगेला पोचतं. म्हणजे पहिल्या पट्ट्यात काळा आणि दुसऱ्यात आरशासारखा असा पत्रा बनवता येतो. नॅनोनलिका दोन्हीकडे काळ्याच.

आकडे मांडून पाहू. पत्रा १०० अंशांवर, भोवताल २७ अंशांवर. पूर्ण काळा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ६४० वॉट प्रारणातून गमावतो, उत्सर्जकता (पूर्ण काळ्याच्या तुलनेत प्रारण सोडण्याचं प्रमाण) ०.०५ असेल तर फक्त ३२. भर उन्हात मिळतात १००० वॉट. शोषकता (पडलेल्या उन्हातला शोषलेला वाटा) ०.९५ वरून ०.९९९६ वर नेली तर कमाई जेमतेम ५० वॉटची. वरच्या काचेमुळे हा तोटा कमी होतो, पण पारडं उलटत नाही.

असा निवडक लेप थरांनी बनतो. खाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा, त्यावर सिरॅमिकमध्ये विखुरलेले धातूचे सूक्ष्म कण, आणि वर परावर्तन मारणारा सिलिकाचा साधारण ९५ नॅनोमीटरचा थर. सगळं मिळून काहीशे नॅनोमीटर. लांब अवरक्त (उष्णतेच्या) लहरींना एवढा पातळ थर जाणवतच नाही, त्यांना खालचा धातूच दिसतो. म्हणून जाडी चुकली की खेळ संपला. निवडक रंग फवारायचा असेल तर थर एक-दोन मायक्रोमीटरचाच हवा. नेहमीच्या सवयीने ३० मायक्रोमीटर चढवला तर पत्रा डोळ्याला अधिकच काळा, झकास दिसतो आणि उष्णता मात्र भरभरून सोडतो. तेलकट बोटांचे ठसेही टाळावेत. तेलाचा पापुद्रा नेमका अवरक्तात शोषक असतो.

आरसे ज्याच्या माथ्यावर ऊन एकवटतात त्या सौर मनोऱ्यावर हिशेब फिरतो. आरशांनी ६०० पट एकवटलेलं ऊन म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलोवॉट. ५५० अंशांवरचा पूर्ण काळा पृष्ठभाग त्यातले २६ किलोवॉट परत टाकतो, तर शोषकतेतला एक टक्काच ६ किलोवॉटचा! इथे काळेपणाच्या मागे लागणं रास्त आहे.

पण तिथे नॅनोनलिका टिकत नाहीत. ४००-५०० अंशांपुढे हवेत त्या जळू लागतात. कोबाल्ट, तांबं, मँगनीज, क्रोमियम यांची काळी ऑक्साइडं चालतात, कारण ती आधीच ‘जळलेली’ असतात. बऱ्याच काळापासून वापरात असलेला सिलिकोनयुक्त पायरोमार्क २५०० रंग सुमारे ९६ टक्के शोषतो. उरलेल्याचा दोष रंगद्रव्यावर ढकलू नये. १.५ अपवर्तनांकाचा (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) कोणताही गुळगुळीत थर उंबरठ्यावरूनच ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. तो वाचवायचा तर पृष्ठभाग सच्छिद्र किंवा खडबडीत करावा लागतो, म्हणजे परतलेला किरण शेजारच्या खाचेत अडकतो.

हा रंग लावताना धातू वाळूच्या माऱ्याने खरखरीत करून द्रावकाने पुसतात, पातळ हात देतात, वाळवतात, मग आधी सुमारे २५० आणि नंतर ५४० अंशांवर भाजतात. दुसऱ्या भाजणीत सेंद्रिय भाग निघून जातो आणि काचेसारखं सिलिका उरतं. घाई केली तर आतले वायू अडकून फोड येतात. पुढचा शत्रू रोजचं तापणं-निवणं. ५०० अंशांच्या फरकाने निकेल-मिश्रधातूची मीटरभर नळी सुमारे ७ मिलिमीटर वाढते, काचेसारखा थर तेवढा ताणला जात नाही. तडे जातात, मग पापुद्रे सुटतात, आणि जाड हात दिलेली जागा सहसा आधी सुटते.

तपासणी डोळ्यांनी होत नाही. सूर्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा डोळ्याला दिसतच नाही. शोषकता आणि उत्सर्जकता वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजावी लागते, आणि उत्सर्जकता वापराच्या तापमानालाच. ५५० अंशांना प्रारणाची शिग ३.५ मायक्रोमीटरवर सरकते, त्यामुळे १०० अंशांना उत्तम ठरलेला निवडक लेप तिथे बराच गळका निघू शकतो.