घर, रान आणि पाऊस : बेळगाव सीमाभागातील जुन्या शेजाराची पार्श्वभूमी

५ ऑगस्ट २०२२ रोजी बेळगावच्या जाधवनगर भागात बिबट्याने एका कामगारावर हल्ला केला आणि त्यानंतर कित्येक दिवस शहराचा एक मोठा भाग संध्याकाळ झाली की दाराला कडी लावून बसू लागला. गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या अधूनमधून दिसत राहिला, आसपासच्या वीसहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या, पिंजरे लावून झाले, कॅमेरे लावून झाले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले गेले. तरीही तो हाती लागला नाही. शहराच्या दृष्टीने हा एक अघटित प्रकार होता. तेथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील माणसांना त्यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नव्हते.

सीमाभागातील घराने रानातल्या जनावरांशी, उंदीर-सापांशी आणि पावसाशी कसे जमवून घेतले याचा मागोवा घेतला, तर एक बदल ठळकपणे जाणवतो. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत बंदोबस्ताची साधने आणि निर्णयाचा अधिकार टप्प्याटप्प्याने घराकडून कचेरीकडे गेले, रात्रीची राखण मात्र घरच्याच माणसांकडे राहिली. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या तफावतीत आहे.

मुळात या जिल्ह्याचे हवामान एकच नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जेथे कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, तेथील आमगावची गणना कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत होते. उलट त्याच जिल्ह्यातल्या अथणीला वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे पश्चिमेकडचे घर पावसाला आणि श्वापदांना तोंड देण्यासाठी बांधले गेले, तर कृष्णाकाठच्या घराला आधी दुष्काळ आणि मग महापूर यांचा विचार करावा लागला.

खानापूर भागातले जुने घर पाहिले की त्यातली प्रत्येक सोय कशासाठी होती हे लक्षात येते. जोते उंच, भिंती जांभ्याच्या किंवा मातीच्या आणि जाड, खिडक्या लहान, पाखी इतकी खाली उतरलेली की पडवीत शिरताना मोठ्या माणसाला वाकावे लागे. मृगाच्या आधी पावसाचा मारा बसणाऱ्या बाजूला भिंतीबाहेर गवताचे नाही तर बांबूचे तट्टे बांधले जात, कारण मातीची भिंत एकदा भिजली की ती सुकायला दिवाळी उजाडत असे. गुरे अनेक ठिकाणी वेगळ्या गोठ्यात न बांधता घराच्या पुढच्या भागातच, एका छपराखाली बांधली जात. वाघ-बिबट्याच्या भागात गुरांसाठी ती सर्वांत सुरक्षित जागा होती आणि पावसाळ्यात त्यांच्या उबेचा घरालाही उपयोग होई. चुलीच्या वरच्या माळ्यावर बियाणे, मिरच्या, सरपण असे सगळे ठेवले जाई, म्हणजे धुराने ते कोरडे राही आणि किडीपासूनही वाचे. पुढे गवताचे व नळीच्या कौलांचे छप्पर जाऊन मंगळुरी कौले आली. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना चांगली असल्याने येथे कौलांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही येथेच आली.

या रचनेची एक बाजू मात्र घरादाराला महाग पडली. धान्य, गुरे आणि माणसे एका छपराखाली असली की उंदीर असणारच, आणि उंदरामागे साप येणार. भाताची कणगी शेणाने कितीही घट्ट लिंपली तरी तळाशी एखादे भोक पडतेच, आणि सकाळी कणगीखाली तुसाचा लहानसा ढीग दिसला की घरातली म्हातारी माणसे आधी काठी हातात घेऊन मगच तेथे हात घालत.

उंदराचा हा शेजार किती जीवघेणा ठरू शकतो हे प्लेगने दाखवले. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत रेल्वेच्या आणि बाजारपेठांच्या वाटेने मुंबई इलाख्याच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांत पोहोचला, आणि त्या काळी इलाख्यातच असलेले बेळगाव त्यातून सुटले नाही. उंदरावरील पिसवेमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते, पण शास्त्रज्ञांच्या जगात ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. खेड्यातल्या माणसांनी पिसवेचे नाव न घेता नेमके तेच ताडले होते : घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे. गावे ओस पडत आणि माळावर, शेतात झोपड्या उभ्या राहत. सरकारी पथके घरांची कौले उतरवून आत ऊन येऊ देत, भिंतींना चुना मारत. सक्तीच्या तपासणीला आणि छावण्यांना विरोध झाला, तरी घर रिकामे करण्याच्या उपायाला तसा झाला नाही. तो लोकांनी आपणहून केला होता आणि पुढे अधिकाऱ्यांनीही तो उपयोगी मानला. कचेरी आणि घर यांचे एकमत झाल्याचे असे उदाहरण या इतिहासात क्वचितच सापडते.

रानाच्या बाबतीत असे एकमत कधी झाले नाही. इंग्रजी अमलात वाघ, बिबट्या, लांडगा यांना मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे; म्हणजे त्या काळी श्वापदे संपवणे हे राज्यकर्त्यांचेच धोरण होते. त्याच सुमारास, १८७८ च्या वन कायद्याने खानापूरकडची जंगले राखीव होत गेली, झाडोरा तोडून-जाळून केली जाणारी कुमरी शेती आवळली गेली, आणि त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागू झाला. लोंढ्यावरून गोव्याकडे रेल्वे गेली, लाकूडतोड आणि कोळशाच्या भट्ट्या वाढल्या. पीकरक्षणासाठी परवान्याची बंदूक ठेवणारी घरे गावोगाव होती, आणि हाके घालून डुक्कर मारणे हा शेतीच्या कामाचाच भाग समजला जाई. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या निर्णयावर सीमाभागात अजून वाद आहे, पण येथे सांगायची गोष्ट एवढीच की जंगल सलग राहिले आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या कचेऱ्या पुढे तीन राज्यांत वाटल्या गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. ते आवश्यक होते, आणि हे लिहिताना त्याबद्दल कोणतीही शंका मनात नाही. मात्र बंदूक गेल्यावर तिच्या जागी शेतकऱ्याच्या हाती काय द्यायचे याचा विचार बराच उशिरा सुरू झाला.

डिसेंबर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले. सुमारे १९० चौरस किलोमीटरचा हा पट्टा दक्षिणेकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पाला गोव्यातील म्हादई अभयारण्याशी आणि पुढे तिलारीच्या जंगलाशी जोडतो. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतील, १९१३ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेले रॉटनचे वटवाघूळ दीर्घकाळ जगात फक्त येथेच माहीत होते. अभयारण्याच्या आत तळेवाडी, गवळी, पास्टोली, कोंगळा, देगाव अशी लहान मराठीभाषक गावे आहेत. ती अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे आहेत, ही बाब नकाशावर पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी जे घडले त्याने खानापूर तालुक्याचा वनखात्यावरचा विश्वास फार खोलवर हलला. २०१४ च्या अखेरीस चिक्कमगळूर भागात माणसावर हल्ला केलेला एक वाघ पकडण्यात आला आणि तो खानापूरच्या जंगलात आणून सोडण्यात आला. डिसेंबरमध्ये मुडगई येथे त्याने एका तरुण स्त्रीचा बळी घेतला, तालुक्यात संतापाचा उद्रेक झाला, आणि महिना संपण्याआधी त्या वाघाला गोळ्या घालण्यात आल्या. वाघ या भागाला नवा नव्हता. पिढ्यानपिढ्या येथल्या माणसांनी वाघाची वाट कोणती, तो गुरे कोठे धरतो, कोणत्या पाणवठ्यावर केव्हा जाऊ नये हे अनुभवाने ठरवले होते. बाहेरून आणलेल्या, माणसाचा धाक उरलेला नसलेल्या जनावरासमोर त्या माहितीचा काहीच उपयोग नव्हता. गावाला विचारणे तर दूरच, आगाऊ कळवलेही गेले नव्हते अशी लोकांची तक्रार होती. एका चुकीच्या निर्णयात स्त्रीचाही जीव गेला आणि वाघाचाही.

हत्तींची कहाणी वेगळ्या प्रकारची आहे. दांडेलीकडून येणारे हत्ती खानापूरच्या जंगलात जुनेच, पण २००२ मध्ये त्यांतले काही घाट उतरून महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यात गेले आणि नंतरच्या वर्षांत चंदगड-आजऱ्याकडेही वळले. हत्तीला राज्याची हद्द ठाऊक नसते, पण पंचनाम्याला ती असते. एकाच कळपाने केलेल्या नुकसानीची भरपाई सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे एका दराने व एका भाषेत, पलीकडे दुसऱ्या दराने व दुसऱ्या भाषेत मागावी लागते. खानापूरच्या शेतकऱ्याच्या हाती येणारा अर्ज कानडीत असतो, आणि ज्याला तो वाचता येत नाही त्याला भात आडवे झाल्याच्या दुःखासोबत अर्ज भरून देणारा माणूस शोधण्याचाही त्रास होतो.

गव्याचे आणि डुकराचे नुकसान हत्तीपेक्षा कमी दिसते, पण ते दररोजचे असते. भात पोटरीत आले की शेतात माळा उभा राहतो, त्यावर कांबळे, विजेरी आणि वाजवायला एक पत्र्याचा डबा, आणि कापणी होईपर्यंत घरातला एक माणूस आळीपाळीने तेथे झोपतो. झोपतो म्हणणेही खरे नाही. आता झटका मशीनच्या तारा आल्या आहेत, काही ठिकाणी खंदकही खणले गेले. मशीनचा झटका क्षणिक असतो व त्याने जीव जात नाही. पण कोणी तीच तार थेट विजेच्या लाईनला जोडली तर हत्ती मरतो आणि माणूसही, म्हणून त्याला कायद्याने बंदी आहे. आणखी एक वास्तव असे की राखणीला बसायला तरुण माणूसच घरात उरलेला नाही. तो गोव्यात किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला असतो.

पूर्वेकडे, चिकोडी-निपाणीच्या बाजूला, रान नव्हते तेथे उसाने ते तयार केले. उपसा सिंचन आणि साखर कारखाने वाढले तसा वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा उसाचा फड बिबट्याला आडोसा आणि पाणी देऊ लागला, आणि गावातली कुत्री त्याला खाद्य म्हणून मिळू लागली. २००२ मध्ये सांगलीकडून आलेल्या लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीने हाच ऊस ग्रासला होता; त्याला आवर घालण्यात औषधांपेक्षा मित्रकीटकांचा वाटा मोठा होता. कृष्णा, वेदगंगा, दूधगंगेच्या काठच्या घरांनी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला. पुराची चर्चा बहुधा अलमट्टी धरणाच्या उंचीपाशी जाऊन थांबते, पण घराच्या दृष्टीने पूर ओसरल्यावरचे आठवडे अधिक अवघड असतात : गाळ काढताना घोणस निघते, कृष्णाकाठच्या मळ्यात मगर आढळते, आणि भिजलेली भिंत पाणी गेल्यावर आठ दिवसांनी कोसळते. सरकारने २०१९ मध्ये तातडीची मदत म्हणून कुटुंबाला १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये दिले. मातीचे घर ‘पूर्ण’ पडले की ‘अंशतः’ हे ठरवणारा पंचनामा जर भिंत कोसळण्याआधी झाला असेल, तर त्या घराच्या वाट्याला काय येणार हे उघड आहे.

सर्पदंशाकडे सरकारचे लक्ष गेले ते फार अलीकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद रुग्णालयांना बंधनकारक केली. असे करणारे ते पहिले राज्य. सरकारी दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. घाटातल्या झाडोऱ्यात आढळणाऱ्या चापडा या विषारी सापाच्या दंशावर तिचा उपयोग होत नाही. गोचिडीमुळे होणारा माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरला ओळखला गेला, २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोहोचला. काजूच्या हंगामात सत्तरीकडे मजुरीला जाणाऱ्या खानापूरच्या माणसांना तो आता ठाऊक झाला आहे.

दवाखाना गाठणे हाच अभयारण्यातील गावांचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी स्त्रीला भर पावसात लाकडी स्ट्रेचरवर घालून गावकऱ्यांनी कित्येक किलोमीटर पायी नेले, आणि त्यानंतर स्थलांतराच्या जुन्या चर्चेला वेग आला. स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपये देण्याचे सरकारने जाहीर केले, आणि मे २०२५ मध्ये तळेवाडीतील २७ कुटुंबांना त्यातील १० लाखांचा पहिला हप्ता मिळाला. रस्ता आणि वीज द्या, आम्ही येथेच राहतो, असे म्हणणारी घरेही या गावांत आहेत, आणि कोणत्या गावाला काय हवे हे अजून ठरायचे आहे.