सेइको ६१३९

सेइको ६१३९ हे जपानच्या सेइको कंपनीच्या सुवा इथल्या कारखान्यात बनलेलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ मनगटी घड्याळ. १९६९ साली बाजारात आलं आणि सत्तरचं दशक संपत येईपर्यंत बनत राहिलं. क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात वेळेबरोबर स्टॉपवॉचही असतं ते, आणि ऑटोमॅटिक म्हणजे हात हलला की आपोआप चावी भरली जाते ते. ६१३९ हा खरं तर आतल्या मशीनचा नंबर आहे, पण जुनी घड्याळं जमवणारे सगळे ह्या घड्याळाला नंबरानंच ओळखतात, आणि त्याच्या मानानं बाकीच्या जगाला ते फारसं माहीतच नाही. माझ्या मते त्याची अर्धी गंमत ह्यातच आहे.

१९६९ च्या आधी ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ बाजारात नव्हताच, चावीवाले क्रोनोग्राफ मात्र कितीतरी वर्षं होते. खुद्द सेइकोनं १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निमित्तानं एका बटणाचा चावीवाला क्रोनोग्राफ काढला होता. मग १९६९ मध्ये एकदम तिघं पुढे आले. स्वित्झर्लंडच्या झेनिथनं जानेवारीत एल प्रिमेरो जाहीर केलं, मार्चमध्ये ह्यूअर, ब्राइटलिंग आणि हॅमिल्टनच्या गटानं पत्रकार परिषदा घेऊन क्रोनोमॅटिक दाखवलं, आणि सेइकोनं त्याच वर्षी जपानमध्ये ६१३९ सरळ विकायलाच काढलं. पहिलं कोण ह्यावर आजही वाद घालतात लोक आणि जाहीर केलं ती तारीख धरायची की दुकानात आलं ती, ह्यावर उत्तर बदलतं. पण स्विस कंपन्यांनी जेवढा गाजावाजा केला तेवढा सेइकोनं केला नाही हे नक्की. त्यात वर्षाच्या शेवटी, २५ डिसेंबरला, सेइकोनं क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ ४,५०,००० येनला विकायला आणलं, मग कंपनीचं सगळं कौतुक तिकडेच गेलं आणि ६१३९ साधं रोज वापरायचं स्टीलचं घड्याळ म्हणून विकलं जात राहिलं.

आत मात्र काहीच साधं नाही. ह्यात कॉलम व्हील, म्हणजे स्टॉपवॉच सुरू-बंद करणारं खांबांचं चाक, आहे आणि व्हर्टिकल क्लच आहे, आणि ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये व्हर्टिकल क्लच असलेलं हे पहिलंच. जुन्या पद्धतीच्या क्रोनोग्राफमध्ये बटण दाबलं की एक चाक बाजूनं सरकून दुसऱ्याच्या दात्यांत अडकतं, आणि दाते नीट जुळले नाहीत तर सेकंदकाटा सुरू होताना टुणकन उडी मारतो. इथे चाकं एकावर एक असतात आणि वरून दाबली जाऊन घर्षणानं एकत्र फिरायला लागतात, त्यामुळे काटा उडी न मारता चालायला लागतो. वरचं बटण दाबा आणि काट्याकडे बघा, तो नुसता निघतो, सेकंदाला सहा बारीक पावलं टाकत. वरचंच बटण पुन्हा दाबून थांबवला आणि खालचं दाबलं की तडक बारावर परत. हीच व्हर्टिकल क्लचची रचना रोलेक्सनं डेटोना ह्या क्रोनोग्राफसाठीच्या स्वतःच्या मशीनमध्ये २००० साली वापरली, म्हणजे सेइकोनंतर एकतीस वर्षांनी.

घड्याळात वेगळा चालता सेकंदकाटा नाही, सहाच्या जागी मिनिटं मोजणारी एकच छोटी डायल आहे ३० मिनिटांची. म्हणून बरेच जण क्रोनोग्राफ कायम चालूच ठेवतात, आणि क्लच असा असल्यामुळे ते चालतं. चावी मात्र हातानं देता येत नाही, बंद पडलेलं घड्याळ हलवूनच सुरू करायचं. बाजूची चावी हळू दाबली की तारीख बदलते, पूर्ण दाबली की वार. जपानमध्ये विकलेल्या घड्याळात वार कांजी लिपीतही येतो, आणि डायलवर 'स्पीड-टायमर' असं लिहिलेलं असतं, बाहेरच्या देशांत गेलेल्यांवर नुसतं 'क्रोनोग्राफ ऑटोमॅटिक'.

ह्यातलं सगळ्यात ओळखीचं मॉडेल म्हणजे पिवळ्या डायलचं आणि लाल-निळ्या कडेचं, ज्याला लोक 'पोग' म्हणतात. विल्यम पोग हा अमेरिकन अंतराळवीर नोव्हेंबर १९७३ ते फेब्रुवारी १९७४ असे ८४ दिवस स्कायलॅब ह्या अमेरिकेच्या अंतराळस्थानकावर होता. नासानं त्याला ओमेगा स्पीडमास्टर दिलं होतं, पण ट्रेनिंगमध्ये इंजिन किती वेळ चालवायचं हे मोजायला तो स्वतः विकत घेतलेलं सेइको वापरायचा, त्याची सवय झाली होती, म्हणून रीतसर मंजुरी नसताना ते खिशात घालून घेऊन गेला आणि वर जाऊन हातात घातलं. अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ ते हेच, पण हे जमवणाऱ्यांना कळायला तीसेक वर्षं गेली, तोवर तो मान १९८५ मध्ये राइनहार्ड फुरर ह्या जर्मन अंतराळवीराबरोबर गेलेल्या, सिन ह्या जर्मन कंपनीच्या घड्याळाला दिला जायचा. कंपनीनं जाहिरात करून मिळवलेला मान नाही हा, एका माणसाला वापरायला बरं वाटलं म्हणून ते घड्याळ तिथे पोचलं, आणि मला हे फार आवडतं.

आज ६१३९ घालून लग्नाकार्यात गेलं तरी कोणाचं लक्ष जात नाही. सोनं नाही, चमक नाही, ओळखणारा मात्र लांबूनही ओळखतो आणि मग गप्पा संपत नाहीत.

विकत घेताना आधी मागचं झाकण बघावं. सिरीयल नंबरचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरला ओ, एन, डी ही अक्षरं. सुरुवातीच्या घड्याळांवर पाण्यासाठी 'प्रूफ' लिहिलंय, नंतरच्यांवर 'रेझिस्ट', त्यामुळे सिरीयल ९ नं सुरू होत असेल तर १९६९ चं की १९७९ चं हे त्यावरून लागतं. झाकणावरचा आणि डायलच्या खालच्या काठावरचा बारीक कोड, दोन्हींत ६१३९ पाहिजे, पुढचे आकडे थोडे वेगळे असले तर घाबरायचं कारण नाही. डायल फारच कोरी आणि रंग फारच भडक वाटला तर ती पुन्हा रंगवलेली असू शकते. आपल्याकडे अशी रंगवलेली, चार घड्याळांचे पार्ट जोडून केलेली जुनी सेइको इतकी निघतात की परदेशातले लोक त्यांना सरसकट 'मुंबई स्पेशल' म्हणतात. उन्हानं फिकी पडलेली, थोडी डाग पडलेली मूळ डायल त्यापेक्षा कधीही चांगली.

घेतल्यावर सर्व्हिसिंग करून घ्यावं, पण घड्याळजीला आधी विचारावं की हा क्लच त्यानं पूर्वी हाताळलाय का, कारण चुकीच्या जागी तेल गेलं तर घर्षणावर चालणारी ती चाकं घसरायला लागतात आणि सुटे पार्ट आता दुसऱ्या घड्याळातूनच काढावे लागतात. पाण्यात मात्र घालू नये, ७० मीटर लिहिलेलं असलं तरी रबरी रिंगा पन्नास वर्षांच्या झाल्यात. पोगवाल्या मॉडेलला पट्टा १९ मिलिमीटरचा लागतो, दुकानात सहसा १८ नाहीतर २० चा मिळतो. १८ चा बसतो, जरा फट राहते.