चुन्याचा गाळ की स्कोरोडाइट?

तांब्याच्या भट्टीतून आर्सेनिक कसं बाहेर पडतं हे बहुतेकांना पाठ असतं. एनार्जाइट या तांब्याच्या खनिजात वजनाने सुमारे 19 टक्के आर्सेनिक. भट्टीत ते आर्सेनिक ट्रायऑक्साइड होऊन उडतं, काही धुळीत सापडतं, काही ॲसिड प्लांटच्या (भट्टीच्या धुरापासून सल्फ्युरिक ॲसिड बनवणाऱ्या कारखान्याच्या) सांडपाण्यात उतरतं. इथवर कुणाचं अडत नाही. घोळ पुढे आहे: आर्सेनिक काढलं की प्रश्न मिटला, असं धरून चालायचं. खरा प्रश्न, काढलेलं आर्सेनिक कायमचं कशात अडकवायचं: चुन्याच्या गाळात, की स्कोरोडाइट या लोहाच्या संयुगात?

कॅनडात यलोनाइफच्या जायंट माइनमध्ये सोन्याचं खनिज भाजताना उडणारी धूळ पकडली आणि जमिनीखाली साठवली. 2,37,000 टन, तेही पाण्यात विरघळणाऱ्या ट्रायऑक्साइडच्याच रूपात. आता आजूबाजूचा खडक गोठवून ती जागच्या जागी धरून ठेवायची वेळ आली आहे.

सांडपाण्यात हाच प्रकार चुन्याने होतो. चुना टाकला की कॅल्शियम आर्सेनेट तळाशी बसतं; स्वस्त, झटपट, आणि त्या दिवशीचं रीडिंग सुरेख. गोची हवेत आहे. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ केली असेल, तर गाळाच्या तळ्यात काय होतं ते तुम्ही पाहिलेलंच आहे. कार्बन डायऑक्साइड कॅल्शियम ओढून घेतो, त्याचं कार्बोनेट होतं आणि मोकळं झालेलं आर्सेनिक पुन्हा पाण्यात. जास्तीचा चुना शिल्लक असेपर्यंत सगळं आलबेल दिसतं. म्हणूनच कुणी टीसीएलपी चाचणीचा (कचऱ्यातून विष किती झिरपतं हे सौम्य ॲसिडात घोळवून बघणाऱ्या चाचणीचा) दाखला नाचवला की माझं डोकं फिरतं. ती चालते जेमतेम 18 तास, झिरपलेल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम. जादा चुना चाचणीतलं ॲसिड मारतो आणि गाळ पास! तळं काय 18 तासांसाठी बांधलंय?

स्कोरोडाइट म्हणजे लोह आणि आर्सेनिकचं स्फटिकरूप संयुग. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं काही बिघडवत नाही, आणि जवळपास एक तृतीयांश वजन आर्सेनिकचंच असल्याने जागाही कमी लागते. बनवायला मात्र कटकट आहे. आर्सेनिक आधी ऑक्सिडीकरणाने पाच संयुजेचं (आर्सेनेट) करून घ्यायचं, द्रावण आम्लधर्मी आणि चांगलं तापलेलं ठेवायचं, लोह सबुरीने द्यायचं; घाई केली की स्फटिकांऐवजी चिखल मिळतो. चिलीत कोडेल्को या सरकारी तांबे कंपनीची इकोमेटालेस ही कंपनी भट्ट्यांच्या कचऱ्यातलं आर्सेनिक असंच अडकवते. महाग पडलं तरी माझं मत यालाच.

पथ्य एवढंच, की अल्कधर्मी पाण्यात किंवा ऑक्सिजन नसलेल्या सेंद्रिय गाळात स्कोरोडाइटही फुटतं. जागा रिकामी दिसते म्हणून ते चुन्याच्या जुन्या, अल्कधर्मी तळ्यात ओतू नका.