सबस्ट्रिंग, शेल स्क्रिप्टमधील

एखाद्या स्ट्रिंगमधील (चिन्हांच्या मालिकेतील) सलग भागाला सबस्ट्रिंग म्हणतात. तीच स्क्रिप्ट डॅश, बॅश, कॉर्न अशा कोणत्याही शेलवर (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामवर) बदल न करता चालवायची असल्यास हा भाग वेगळा काढण्याच्या रीती मोजक्याच उरतात.

आरंभस्थान व लांबी अपूर्णविरामाने (:) देण्याची रीत बॅशची म्हणून ओळखली जाते. परंतु ती १९९३ च्या कॉर्न शेलमध्ये होती आणि बॅशमध्ये १९९६ च्या सुमारास, २.० आवृत्तीत आली, त्यामुळे मूळ कॉर्न शेलकडे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पॉझिक्सच्या (युनिक्ससदृश प्रणालींसाठीच्या मानकांच्या) १९९२ च्या शेलविषयक मानकाला मुख्यतः १९८८ च्या कॉर्न शेलचा आधार होता. साहजिकच # व % ही टोके छाटणारी चिन्हे मानकात आली आणि अपूर्णविरामाची रीत बाहेर राहिली. डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये ‘एसएच’ म्हणून चालणारा डॅश ती नाकारतो.

# पुढून व % मागून, दिलेल्या नमुन्याशी जुळणारा लहानात लहान भाग काढते. चिन्ह दुहेरी केल्यास मोठ्यात मोठा भाग निघतो. सोलापूरच्या ४१३००१ या पिनकोडातील (संगणकात इंग्रजी अंकांत नोंदवलेल्या) पहिले तीन अंक हवे असल्यास # पुढे तीन प्रश्नचिन्हे (प्रत्येक म्हणजे कोणतेही एक चिन्ह) देऊन ००१ हा शेष मिळवावा व मूळ स्ट्रिंगमधून तो % ने काढावा. शेष दुहेरी अवतरणात हवाच, अन्यथा त्यातील * सारखी चिन्हे नमुना म्हणून वाचली जातात. यात वेगळी प्रोसेस सुरू होत नाही.

वेगळ्या आज्ञांपैकी ‘एक्स्पर’ची (नमुन्याशी जुळवणारी) अपूर्णविराम-क्रिया मानकात आहे, त्यातील सबस्ट्रिंग काढणारे ‘सबस्टर’ नाही. शिवाय उत्तर रिकामे किंवा शून्य आल्यास ‘एक्स्पर’ची निर्गम-स्थिती १ होते, जी शेल अपयश मानते. ‘ऑक’ या मजकूर हाताळणाऱ्या भाषेतील ‘सबस्टर’ मात्र मानक असून तेथे मोजणी १ पासून होते, बॅशमध्ये ० पासून.

देवनागरीत मोजणीच संदिग्ध होते. ‘सोलापूर’मध्ये वाचकाला चार अक्षरे दिसतात, युनिकोडनुसार (मात्रा वेगळ्या मोजून) चिन्हे ७ आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट २१ भरतात. त्यामुळे ‘पहिले तीन’ म्हणजे वाचकाच्या लेखी ‘सोलापू’, चिन्हांनुसार ‘सोल’ आणि दीर्घकाळ बाइटच मोजत आलेल्या ग्नू ‘कट’ या आज्ञेनुसार केवळ ‘स’. ‘सोलापूर-४१३००१’ सारखी नोंद संयोगचिन्हाशी % ने तोडल्यास हा प्रश्न उद्भवत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये संयोगचिन्हाचा बाइट देवनागरी चिन्हाच्या पोटात येत नाही.