चिमटा काढून भागत नाही

खरं वाटणार नाही असं काही घडलं की आपण म्हणतो, ‘स्वतःला चिमटा काढून पाहिला.’ जागे आहोत की स्वप्नात, हे तपासायची ही घरगुती चाचणी. अडचण एवढीच, की स्वप्नात काढलेला चिमटाही चांगला झोंबू शकतो, आणि मग माणूस खात्री पटल्यासारखा पुढचं स्वप्न बघत राहतो. ल्युसिड ड्रीमिंग म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं उमगणं. ते शिकणारी मंडळी, तीच सवय स्वप्नातही लागावी म्हणून, दिवसभर बोटं मोजतात, घड्याळात दोनदा बघतात. या ‘रिअ‍ॅलिटी चेक’चं मूळ त्या चिमट्यातच आहे.

झोपेतही कधी कधी आतून कुणीतरी ‘हे स्वप्न आहे’ असं सांगतं, हे अ‍ॅरिस्टॉटलनंही लिहून ठेवलंय. पण दिवसा सराव करायचा आणि रात्री त्याचं फळ मिळवायचं, ही रीत तिबेटी बौद्ध परंपरेत फार आधी रुजली. अकराव्या शतकातले भारतीय बौद्ध सिद्ध नारोपा यांच्या नावानं चालत आलेल्या सहा योगांपैकी एक स्वप्नयोग. साधक दिवसभर स्वतःला बजावत राहतो, की समोर दिसतंय ते स्वप्नच आहे. मात्र याला चाचणी म्हणणं मला पटत नाही. साधकाच्या लेखी उत्तर आधीच ठरलेलं असतं.

‘ल्युसिड ड्रीम’ हे नाव रूढ केलं ते डच लेखक आणि मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी, 1913 साली. तोवर 1898 ते 1912 या काळातली आपली अशी 352 स्वप्नं त्यांनी नोंदवली होती. त्यातलं 1904 च्या सप्टेंबरमधलं एक तर मुळातूनच वाचावं असं. खिडकीपाशी टेबल, आणि आपण स्वप्नात आहोत हे ठाऊक. त्यांनी वाइनचा ग्लास उचलला आणि जीव खाऊन त्यावर मूठ हाणली. ग्लास शाबूत! थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं तर फुटलेला. एंट्री चुकलेल्या नटासारखा, उशिरा. तुकडे खिडकीबाहेर फेकले तर खळ्ळ आवाज आला आणि दोन कुत्री पळताना दिसली. टेबलावरची वाइन चाखली, तीही वाइनसारखीच लागली. आजच्या रिअ‍ॅलिटी चेकचं मर्म इथे सापडतं: स्वप्न नक्कल उत्तम करतं, फक्त वेळ साधताना चुकतं.

याची पद्धत बसवली जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी. दिवसातून पाच-दहा वेळा स्वतःला मनापासून विचारायचं, ‘मी आत्ता जागा आहे की स्वप्नात?’ आणि उत्तर गृहीत न धरता आजूबाजूला नीट बघायचं. इथे भर शंकेवर होता. पुढे बोटं मोजणं तेवढं उरलं आणि शंका गळाली, असं मला वाटतं. जपमाळ ओढताना मन बाजारात, तसंच.

अशी स्वप्नं खरोखर पडतात याचा प्रयोगशाळेतला पुरावा मात्र 1975 मध्ये मिळाला. रेम झोपेत, म्हणजे ठसठशीत स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात, पण डोळे हलतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. अ‍ॅलन वर्स्ली हे प्रयोगात झोपले होते; त्यांनी झोपेतूनच, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं आणि अक्षरं किंवा डिजिटल घड्याळ वाचून नजर हटवायची, मग पुन्हा वाचायचं, ही युक्ती लोकप्रिय केली. स्वप्नातली ओळ दुसऱ्यांदा सहसा तशीच राहत नाही. दुसरी युक्ती नाक चिमटीत दाबून श्वास घेण्याची. अंथरुणातलं खरं नाक मोकळंच असल्यानं स्वप्नातही श्वास आत जातो. म्हणजे चिमटा उपयोगी पडतो, फक्त तो नाकाला हवा.

निव्वळ रिअ‍ॅलिटी चेकनं किती साधतं? ऑस्ट्रेलियात डेनहोम अ‍ॅस्पी यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवडाभर एवढंच करणाऱ्यांच्या पदरात विशेष काही पडलं नाही. ज्यांनी जोडीला पाच तासांनी उठून, ‘पुढच्या स्वप्नात मला आठवेल की मी स्वप्नात आहे’ असं घोकत पुन्हा झोपायचा प्रयत्न केला, त्यांच्यात यशाचं प्रमाण 17 टक्के होतं. घोकणं संपल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांचा डोळा लागला, त्यांच्यात ते 46 टक्क्यांच्या आसपास गेलं.